घरातला जुना संगणक आणि पासवर्ड

गिरगावची चाळ असो की लालबागची, दार दिवसभर उघडे आणि संगणक त्याच खोलीत, टीव्हीशेजारी. मुले शाळेचा प्रोजेक्ट करायला येतात, शेजारी प्रिंट काढायला येतात. त्यांनी यावेच. पण त्याच यंत्रात आता आपल्या आधार-पॅनच्या प्रती, बँकेचे हिशेब, आजोबांच्या पेन्शनचे कागद असतात.

आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांत अजून विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ चालते, त्यांनी कंट्रोल पॅनलमधील ‘युजर अकाउंट्स’ उघडून आपल्या खात्याला पासवर्ड द्यावा. मुलांसाठी वेगळे ‘लिमिटेड’ खाते करावे. विंडोज ७ मध्ये त्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. जागेवरून उठताना विंडोजचे बटण दाबून धरावे व एल दाबावे.

एक्सपीच्या होम आवृत्तीत एक गोम आहे. तिच्यात ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे खाते मुळातच असते. ते रोज दिसत नाही आणि त्याला बहुधा पासवर्डच नसतो. संगणक सुरू होताना एफ ८ दाबून ‘सेफ मोड’ निवडला की ते समोर येते. त्याच वाटेने आत जाऊन त्यालाही पासवर्ड द्यावा. (विंडोज ९८ मध्ये तर एस्केप दाबले की पासवर्डची चौकट निमूट बाजूला व्हायची!)

एवढे केले तरी ही दाराची कडी झाली, कपाटाचे कुलूप नव्हे. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्यावरील साध्या फाइली पासवर्ड न विचारता वाचता येतात. बायोसच्या पासवर्डवरही विसंबू नये. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढली की तो पुसला जातो. म्हणून लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीसाठी नेताना, बिघाड पॉवर सप्लायचा असेल तर डिस्क घरीच ठेवून बाकीचा डबा न्यावा. भंगारात देताना तर डिस्क काढूनच घ्यावी, कारण डिलीट केलेल्या फाइली पुष्कळदा परत मिळवता येतात. स्क्रूड्रायव्हरचे काम आहे, युवा गटातला कोणीही जाणता मुलगा करून देईल.

एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. इंटरनेटवरून शिरणाऱ्या व्हायरसला आपला पासवर्ड अडवत नाही. तेव्हा अशा यंत्रावर नेट बँकिंग करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि पासवर्ड घरात एकालाच ठाऊक नसावा. तो माणूस इस्पितळात गेला की विम्याचे कागद नेमके तेव्हाच लागतात. पासवर्ड कागदावर लिहून पासबुकांबरोबर कपाटात ठेवावा. मॉनिटरवर मात्र चिकटवू नये.