आत्मविश्वास : तोंडातून शब्द का फुटत नाही?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की देवरीतल्या माझ्या दवाखान्यात एक ठराविक मागणी सुरू होते. धानाची कापणी-मळणी आटोपलेली असते, हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ असतो. मग कोणी आई मुलाला घेऊन येते. "साहेब, याला काही टॉनिक द्या. घरी खूप बोलते, चारचौघांत तोंडच उघडत नाही." कोणी तरुण स्वतःसाठीच विचारतो, "नव्या वर्षात आत्मविश्वास वाढवायचं ठरवलं आहे, काही गोळ्या असतील तर लिहून द्या." अशी गोळी अजून निघालेली नाही. निघाली तर पहिला गिऱ्हाईक मीच असेन, त्याचे कारण पुढे येईल.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काहींना वाटेल. त्यासाठी एक अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चिचगडच्या बाजूच्या एका खेड्यातली साधारण पस्तिशीची बाई नवऱ्यासोबत माझ्याकडे आली. मी विचारले, "काय त्रास आहे?" उत्तर नवऱ्याने दिले, "अशक्तपणा आहे जी, कामात लक्ष लागत नाही." बाई खाली मान घालून बसलेली. डोळ्यांची आतली बाजू फिकट दिसली म्हणून मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने पुन्हा दोघे आले. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या खेपेस नवऱ्याची मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून तो बाहेर थांबला. त्या दहा मिनिटांत बाईने आमच्या सिस्टरच्या कानाशी लागून सांगितले की, सात महिन्यांपासून पाळी दहा-दहा, बारा-बारा दिवस थांबत नाही. तपासले तर हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. बाईमाणसाचे ते बाराच्या वर असायला हवे. तिला गोंदियाला पाठवले, रक्त द्यावे लागले. गर्भाशयात गाठ निघाली, तीही सुदैवाने साधी. आता ती बरी आहे.

चूक माझी होती. प्रश्न मी तिच्याकडे बघून विचारत होतो आणि उत्तर नवऱ्याकडून घेत होतो. पण नंतर एकदा मी तिला विचारले, "बाई, इतके महिने बोलल्या का नाही?" ती म्हणाली, "तुम्ही घाईत राहता जी. अन् तुमच्यापुढं शब्दच सुचत नव्हता." हीच बाई गावच्या भजनी मंडळात सगळ्यांच्या पुढे बसून खड्या आवाजात अभंग सांगते, हे मला त्याच दिवशी कळले.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. आपण म्हणतो, अमक्याकडे आत्मविश्वास आहे, तमक्याकडे नाही. जणू तो उंचीसारखा किंवा रंगासारखा जन्मतः मिळालेला असतो. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. आपल्या झाडीपट्टीतले नाटकच पाहा. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली, शंकरपट भरले की रात्रभर नाटके चालतात. दिवसा शेतावर राबणारा, शिलाई मशीनवर बसणारा, पानठेला चालवणारा माणूस रात्री राजाच्या वेषात हजारो लोकांपुढे उभा राहतो आणि पहाटेपर्यंत एक शब्द चुकत नाही. (चुकला तर पडद्याआडून सांगणारा असतोच.) या रंगभूमीवर आयुष्यभर काम केलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच असेल. पण रंगमंच गाजवणारा असाच एखादा नट बँकेत पैसे काढण्याचा कागद भरताना घामाघूम होतो. माझ्या ओळखीचे असे दोघे आहेत. मग त्याच्यात आत्मविश्वास आहे म्हणायचे की नाही?

या प्रश्नाचे चांगले उत्तर आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने दिले. मूळचा कॅनडाचा हा माणूस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत असे. 2021 साली तो वारला. 1977 मध्ये त्याने मांडले की, 'हे विशिष्ट काम मला जमेल' हा भरवसा प्रत्येक कामाचा वेगवेगळा असतो, आणि तो मुख्यतः चार वाटांनी येतो. स्वतः ते काम करून पाहिल्याने येतो, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने येतो, विश्वासातल्या माणसाने धीर दिल्याने येतो आणि त्या वेळी आपले शरीर कसे वागते त्यावरही ठरतो. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम.

बांडुराने सापाला भिणाऱ्या माणसांवर उपचार केले. नुसते 'भिऊ नका' सांगून भागले नाही. चित्रफीत दाखवून थोडा फरक पडला. सर्वांत जास्त फरक कशाने पडला, तर उपचार करणाऱ्याने आधी स्वतः साप हाताळून दाखवला आणि मग रुग्णाला पायरी-पायरीने जवळ नेले तेव्हा. आधी लांबून पाहणे, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. साप अर्थात बिनविषारी होता. (आपल्याकडच्या मण्यार-नागांवर कृपया हा प्रयोग करू नये.) आणखी एक गोष्ट दिसून आली. सापाची भीती गेल्यावर काही जणांना इतरही कामांत थोडे धीट झाल्यासारखे वाटू लागले. म्हणजे एका ठिकाणचा भरवसा थोडाफार शेजारी पसरतो. पण सुरुवात मात्र एका ठिकाणाहूनच होते.

थोरामोठ्यांचेही असेच असते. बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना उलटतपासणीचा एकही प्रश्न सुचेना. डोके गरगरले, ते खाली बसले आणि घेतलेली तीस रुपये फी त्यांनी परत केली. ही हकिकत त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिली आहे. पुढे 1893 साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर ते बोलले. आयुष्यातले पहिले जाहीर भाषण असे ते त्याला म्हणतात. इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची कमी माहीत असते. 1896 साली मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या पुढाकाराने मोठी सभा भरली. गांधीजी भाषण लिहूनच घेऊन गेले होते, तरी वाचताना त्यांचा आवाज इतका कापू लागला की शेवटी ते भाषण दिनशा वाच्छा यांना वाचावे लागले. प्रिटोरियात जमलेले तीन वर्षांनी मुंबईत जमले नाही. तेव्हा एकदा जमलेले पुन्हा बिघडले, म्हणून कोणी कपाळाला हात लावू नये.

आता माझ्याबद्दल. मी याच भागातला. घरी झाडीबोली, शेजारी हिंदी-छत्तीसगढी, शाळेत पुस्तकी मराठी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी नागपूरला गेलो तिथे सगळे इंग्रजी. पहिल्याच तोंडी परीक्षेत प्रश्न असा होता की, त्याचे उत्तर मी आदल्या रात्री तीनदा लिहून काढले होते. पण घसा असा कोरडा पडला की आवाजच निघेना. परीक्षकांनी "नेक्स्ट" म्हटले. नापास झालो. मला वाटले, आपण खेड्यातले, हे आपले काम नव्हे. मग एका वरच्या वर्गातल्या मित्राने एक उपाय केला. रोज संध्याकाळी तो मला वॉर्डात न्यायचा आणि एका रुग्णाची माहिती मोठ्याने सांगायला लावायचा. आधी एकट्या त्याला, मग आणखी दोघांसमोर, मग सिस्टरसमोर. चार महिने लागले. आजही मोठ्या परिषदेत बोलायचे असले की माझे तळहात ओले होतात, हे कबूल करतो.

शरीरात घडते ते असे. भीती वाटली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अॅड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात येतो. हृदय जोरात धडधडते, तोंड कोरडे पडते, हात कापतात, पोटात कालवते. पूर्वी जंगलात वाघ दिसल्यावर पळायला हीच तयारी उपयोगी पडत असे. हा आजार नव्हे. माणूस तिथेच थांबला तर ही लाट बहुधा काही मिनिटांत ओसरू लागते. आपण करतो काय, तर लाट चढलेली असतानाच पळ काढतो. पळाल्याबरोबर बरे वाटते आणि मेंदू शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो'. पुढच्या वेळी भीती दुप्पट. अशा वेळी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. घेताना मनात तीन मोजले तर सोडताना पाच-सहा. पाच-सात वेळा केले तरी छातीतली धडधड थोडी उतरते.

म्हणून येत्या 1 जानेवारीला 'मी धीट होईन' असा मोघम संकल्प करू नका. आपला शब्द नेमका कुठे अडकतो ती एकच जागा शोधा. बँक असेल, मुलाच्या शाळेतले हेडमास्तर असतील, सासरे असतील, डॉक्टर असतील. समजा जागा ग्रामसभा आहे. 26 जानेवारीला खेडोपाडी ग्रामसभा भरते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे, बायांना ती पहिली पायरी म्हणून फार सोयीची. आधीच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन नळाच्या पाण्याबद्दल साधी चौकशी करून या. सभेत मागे भिंतीला टेकून बसू नका, पुढे बसा. एकच प्रश्न, एकाच वाक्यात, कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. आवाज कापला तर कापू द्या. विचारून झाले म्हणजे त्या दिवसाचे काम झाले. उत्तर कसे मिळाले हा वेगळा विषय. सोबत आपल्यासारखीच एखादी बाई किंवा माणूस असेल, ज्याने आधी हे केले आहे, तर फार बरे. बचत गटांत मी हे पाहिले आहे. बँकेत पहिल्यांदा जाताना पाच जणी मिळून जातात, वर्षभराने एकटी जाते.

दोन-तीन गोष्टी डॉक्टर म्हणून सांगितल्या पाहिजेत. मुलगा वर्गात बोलत नाही याचे कारण कधी कधी कानात किंवा डोळ्यांत असते. त्याला ऐकू येत नाही, फळ्यावरचे दिसत नाही. आधी तपासून घ्या. रक्त कमी असणे, थायरॉइड मंद असणे यांनीही माणूस मागे-मागे राहतो. आपल्या भागात सिकलसेलही आहे. दुखण्यामुळे शाळा बुडणाऱ्या मुलाला बुजरा म्हणून रागावू नका. मोहाची दोन घोट घेऊन बोलायला जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्याने जीभ सुटते खरी, पण पुढच्या वेळी दोनाचे चार लागतात आणि भरवसा बाटलीचा होतो, स्वतःचा होत नाही. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. दमा असणाऱ्याला त्या घातक ठरू शकतात. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप-जेवण उडाले आहे, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे असेल तर हा आत्मविश्वासाचा प्रश्न नसून नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. सरकारच्या 'टेलि मानस' सेवेला 14416 या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

आणि डॉक्टरांपुढे शब्द सुचत नसतील तर घरूनच तीन ओळी लिहून आणा : त्रास काय, केव्हापासून, आणि कोणासमोर सांगायचा नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. मुलीसमोरही सांगण्यासारखे नसेल तर "मला सिस्टरशी बोलायचं आहे" एवढेच म्हणा. माझ्या दवाखान्यात आता सोबतच्या माणसाला पाच मिनिटे बाहेर बसवतो. मोटारसायकल पंक्चर होण्याची वाट पाहत नाही.

पुढील आठवड्यात : थंडीतला दमा.