लग्नानंतरची शुद्धता

आजचे वचन: १ करिंथ ७:३-५



आजचा उतारा तीनच वचनांचा आहे, पण आपल्या घरांत त्यातला अर्धाच भाग चालतो. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पौल मात्र लगेच उलट बाजूही सांगतो: नवऱ्याच्या शरीरावर अधिकार त्याचा नाही, बायकोचा आहे. आणि कर्तव्याची सुरुवात तर तो नवऱ्यापासूनच करतो! करिंथ ही रोमन वसाहत. घरात कर्त्या पुरुषाचा शब्द शेवटचा. तिथे हे पत्र वाचलं गेलं तेव्हा किती जण चमकले असतील.

लग्न ठरलेल्या मित्रांशी बोलताना मला एक समज नेहमी भेटतो. शुद्धता म्हणजे लग्नापर्यंत थांबणं. मिस्सा झाली, अंगठ्या घातल्या, रजिस्टरवर सह्या झाल्या की विषय संपला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, एकदा लॉगिन झालं की पुढे सगळा ॲक्सेस खुला. ख्रिस्तसभा असं शिकवत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २३४९) विवाहितांनाही शुद्धतेचं पाचारण आहे. त्यांच्यासाठी शुद्धता म्हणजे ब्रह्मचर्य नव्हे, आणि शरीर म्हणजे काहीतरी विटाळ असंही नव्हे.

आपल्या छावणीतलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी हे छान ओळखलं होतं. १६०९ साली त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की, शरीरसुखापासून पूर्ण दूर राहणं त्या मानाने सोपं, पण त्यात राहून मर्यादा पाळणं अवघड. रागाचंही तसंच, असं ते सांगतात. मला मोबाइल आठवतो. घरी ठेवून जाणं जमतं, खिशात असताना न बघणं जमत नाही.

आता अवघड भाग. ८ ऑक्टोबर १९८० च्या बुधवारच्या प्रवचनात पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की, पुरुष स्वतःच्या पत्नीबाबतही मनाने व्यभिचार करू शकतो. तिच्याकडे फक्त वासना भागवण्याचं साधन म्हणून बघितलं, तर. तेव्हा बऱ्याच वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. स्वतःच्या बायकोबरोबर व्यभिचार कसला? पण मत्तय ५:२८ पुन्हा वाचा. येशू नजरेबद्दल बोलतो, आणि बाई कोणाची यावर नजर बदलत नाही.

त्याआधी १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांचं ‘ह्युमाने विते’ आलं. सगळं भांडण गर्भनिरोधक गोळ्यांवरून झालं, त्यामुळे परिच्छेद १३ फार कोणी वाचलाच नाही. जोडीदाराची अवस्था, तिची किंवा त्याची इच्छा न बघता लादलेला संबंध हे खरं प्रेम नव्हे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या देशाचा कायदा आजही (भारतीय न्याय संहिता, कलम ६३) पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला बलात्कार म्हणत नाही. कायद्याने दिलेली ही सूट ख्रिस्ती नवऱ्याने आपली समजू नये. ‘बायबलमध्येच लिहिलंय’ असं म्हणून चौथं वचन पुढे करणाऱ्याला तर पौलानेच आधी उत्तर देऊन ठेवलंय.

पाचव्या वचनात आणखी एक गंमत आहे. प्रार्थनेसाठी काही काळ दूर राहायचं असेल, तर तेही दोघांच्या संमतीने. मूळ ग्रीक शब्द आहे ‘सिम्फोनोस’, म्हणजे एका सुरात. करिंथमध्ये काही जण बहुधा धार्मिकपणाच्या नावाखाली जोडीदारापासून एकतर्फी दूर राहू लागले होते. पौल त्यांनाही थांबवतो. होकार एकट्याने गृहीत धरायचा नाही, आणि उपवासही एकट्याने ठरवायचा नाही.

त्यामुळे ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी हॉल, केटरर आणि फोटोग्राफरच्या यादीत हा एक विषय घाला. विवाहपूर्व शिबिरात फादरांना किंवा तिथल्या जोडप्यांना थेट विचारा: “एकाचं मन नसेल तेव्हा काय करायचं?” लाजू नका. शिबिर त्यासाठीच असतं.

उद्या वचनं ७ ते ९, अविवाहितांसाठी.