पायऱ्यांचा देश

हिमालयाच्या कुशीत भूतान नावाचा एक चिमुकला देश वसला आहे. त्याच्या उत्तरेस तिबेटचे पठार आणि दक्षिणेस आसाम व पश्चिम बंगाल ही भारताची राज्ये आहेत. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक अष्टमांश. परंतु एवढ्याशा भूमीत निसर्गाने केवढे वैचित्र्य भरले आहे!

दक्षिण सीमेवरील भूमी समुद्रसपाटीपासून शेदोनशे मीटरच उंच आहे. तेथून उत्तर सीमेपर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरांहूनही कमी. पण तेवढ्यात गांगखार पुएन्सुम हे शिखर ७,५७० मीटरांपर्यंत चढलेले आहे. म्हणूनच भूतानला प्रचंड पायऱ्यांचा देश म्हटले तर वावगे होणार नाही.

पहिली पायरी म्हणजे दक्षिणेकडील उष्ण व दमट पट्टा. येथे पाऊस मुसळधार पडतो. दाट अरण्यांतून हत्ती, गवे व वाघ हिंडतात. येथील वृक्षांवर सोनेरी वानर आढळतो. तोंड काळेभोर आणि अंगावर पिवळसर सोनेरी केस असलेला हा प्राणी भूतान आणि त्याला लागून असलेला आसामचा पश्चिम भाग यांखेरीज जगात कोठेही सापडत नाही.

दुसऱ्या पायरीवर पारो, थिंफू, पुनाखा यांसारखी सुपीक खोरी आहेत. नद्यांच्या काठी भातशेती आणि वरच्या उतारांवर चीड व ओक यांची वने, असे येथील दृश्य असते. याहून उंचावरील फोबजिखा खोऱ्यात हिवाळ्याच्या आरंभी तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच येतात. तारांना धडकून त्यांना इजा होऊ नये, म्हणून या खोऱ्यात वीज आणताना तारा जमिनीखालून नेण्यात आल्या.

तिसरी पायरी हिमशिखरांची. तेथे भरल व हिमबिबट्या राहतात. बोकडासारखे तोंड आणि गाईसारखे धिप्पाड अंग असलेला टाकिन हा भूतानचा राष्ट्रीय प्राणी. तो उन्हाळ्यात उंच कुरणांवर चरतो आणि थंडी पडू लागली की खालच्या वनांत उतरतो. वाघही केवळ खालच्या अरण्यातच राहतो असे नाही. चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरही त्याचा वावर आढळला आहे. या उतारांवरील वने अखंड राहिली, तरच प्राण्यांची ही ये-जा चालू राहील. देशाची किमान साठ टक्के भूमी सदैव वनाच्छादित राहावी, असे भूतानच्या २००८ च्या संविधानातच सांगितले आहे. हिमशिखरे ही देवतांची निवासस्थाने होत, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. म्हणून २००३ पासून तेथे गिर्यारोहणासही बंदी आहे.

तथापि वरच्या पायरीवर जे घडते, त्याचे परिणाम खालच्या पायरीला भोगावे लागतात. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने हिमनद्या वितळत आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी तळी साचत आहेत. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी लुग्ये नावाच्या अशाच एका तळ्याचा बांध फुटला. पाण्याचा लोंढा दूरच्या पुनाखा खोऱ्यात येऊन धडकला व वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. शेजारचे थोर्थोर्मी तळेही धोक्याचे ठरले. तेव्हा शेकडो माणसे कित्येक दिवस पायी चालत तेथे पोहोचली. गोठविणाऱ्या पाण्यात उभे राहून, कुदळी-फावड्यांनी त्यांनी पाण्यास वाट करून दिली. २०१२ पर्यंत तळ्याची पातळी सुमारे पाच मीटरांनी खाली आली.

संकट मात्र पुरते टळलेले नाही. ज्या उष्णतेने हे बर्फ वितळते, ती काही एकट्या भूतानची करणी नव्हे. साऱ्या जगातील गिरण्या, वाहने व भट्ट्या यांच्या धुराचा तो परिणाम आहे. आपली वने निगुतीने राखणाऱ्या या लहानशा देशाची हिमशिखरे राखण्याचे काम मोठ्या देशांनाही करावे लागेल.

स्वाध्याय
१. भूतानला 'पायऱ्यांचा देश' का म्हटले आहे?
२. फोबजिखा खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून का नेल्या?
३. 'वरच्या पायरीवर जे घडते, त्याचे परिणाम खालच्या पायरीला भोगावे लागतात.' पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : वावगे होणे, प्राणांस मुकणे, निगुतीने राखणे.