जमिनीची धूप : ओळख, मोजणी व उपाय

जमीन ही शेतकऱ्याची मूळ ठेव होय. पिकाचे नुकसान एका हंगामात भरून निघू शकते. परंतु वाहून गेलेली माती पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. म्हणून जमिनीच्या पृष्ठभागात होणारा बदल वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

धूप कशी होते?

पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळला म्हणजे ढेकळे फुटतात व मातीचे कण सुटे होतात. बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते आणि उताराने वाहू लागते. प्रथम सर्व शेतावरून मातीचा पातळ थर निघून जातो. हीच सालकाढी धूप. पुढे पाणी एकत्र येऊन ओघळी पडतात व ओघळींच्या घळी बनतात. घळ सर्वांना दिसते. सालकाढी धूप मात्र सहसा लक्षात येत नाही, आणि तीच अधिक घातक आहे. कारण पाण्याबरोबर प्रथम जातात ते बारीक कण व सेंद्रिय द्रव्य, म्हणजे जमिनीचा कस. मागे राहतात वाळू, खडे आणि मुरूम.

रब्बी ज्वारीच्या भागातील काळ्या जमिनी खरिपात मोकळ्या ठेवण्याचा प्रघात आहे. जोराचा पाऊस अशा उघड्या जमिनीवर पडल्यास धूप विशेष होते.

हिशेब

एक हेक्टर क्षेत्रातून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती जाते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अंदाजानुसार आपल्या देशात दर हेक्टरी दर वर्षी सरासरी १६.४ टन माती आपल्या जागेवरून हलते. हा थर सव्वा मिलिमीटरचा होतो. या वेगाने ८० वर्षांत १० सेंटीमीटर माती जाईल. ज्या हलक्या जमिनीत मुरमावर जेमतेम २० सेंटीमीटर माती आहे, तेथे आजोबांनी कसलेल्या जमिनीपैकी निम्मीच नातवाच्या हाती येईल.

गावातील मोजणी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील निरीक्षणे शेतकऱ्यांसमक्ष करावीत :

१. गायरानात किंवा पडीक उतारावर माथ्याला, मध्यावर व पायथ्याला लोखंडी सळ्या ठोकाव्यात व जमिनीलगत खूण करावी. पुढील वर्षी खूण किती उघडी पडली ते मोजावे. काळी जमीन ओलीने फुगते व वाळल्यावर आक्रसते. यासाठी दोन्ही मोजण्या उन्हाळ्यातच घ्याव्यात. नांगरटीच्या शेतात ही रीत उपयोगी पडत नाही.

२. बांधावरील जुन्या झाडांची उघडी पडलेली मुळे व बांधाच्या वरच्या अंगास साचलेला गाळ पाहावा.

३. शेतातून वाहणारे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवावे. तळाशी बसलेली माती पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

उपाय

नांगरट, कुळवणी व पेरणी उतारास आडवी करावी. मटकी, हुलगा, चवळी यांसारखी जमीन झाकणारी पिके ज्वारी-बाजरीबरोबर पट्ट्यांनी घ्यावीत. समपातळी बांध घालावेत व त्यांस योग्य ठिकाणी दगडी सांडवा ठेवावा. सांडवा नसलेला बांध मोठ्या पावसात फुटतो आणि बांध नसण्यापेक्षा अधिक हानी करतो. बांधावर गवत वाढवावे.

काम माथ्यापासून पायथ्याकडे करीत यावे. पाणी सात-बाराचा उतारा पाहून वाहत नाही. वरच्या शेतातील बांध फुटला की खालच्या शेजाऱ्याचेही शेत फुटते. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नसून सर्व शिवाराचे आहे.

शेतकरी बंधूंनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या शेताचा उतार एकदा पायी फिरून पाहावा. आज दिसणारी लहानशी ओघळ एका दिवसाच्या श्रमाने बुजते; तिची घळ झाल्यावर सारे गाव जमवावे लागते.