थांबणे हीसुद्धा साधना

बेंगळुरूत २००८ साली सुरू झालेल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत यंदा मीही नाव नोंदवले. तीन आठवडे उरले असताना टाचेमागची शीर दुखावली.

पूर्वी पहाटे मल्लेश्वरमच्या घरातून निघून सँकी तलावाला फेऱ्या मारत असे. आता तिथल्या बाकावर बसतो. सोबतचे मित्र धावत पुढे जातात आणि मन कुढते. चौथ्या दिवशी जरा बरे वाटताच दोन फेऱ्या पळालो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत आहार, विहार, कर्म आणि झोप या सर्वांत प्रमाण राखायला सांगतात. अति करणाऱ्याला योग साधत नाही. टाचेच्या या शिरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश भरून येते. तिच्या गतीने चालणे, हे माझे आजचे कर्म.

आता पहाटे ध्यान, मग डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम, संध्याकाळी काडु मल्लेश्वराचे दर्शन. धावायचे की नाही, ते डॉक्टर सांगतील. नाहीच जमले, तर वाटेत उभा राहून धावणाऱ्यांना पाणी देईन.

चिंतनासाठी प्रश्न: थांबण्याची गरज असूनही मी आज कशात घाई करतो आहे?