पडून राहणारी मोटार

शिडाच्या छोट्या नावेला जोडीला मोटार घ्यायची म्हटली की लोक आधी ताकद विचारतात, मग किंमत. मी त्यांना उलट विचारतो: ही मोटार वर्षातला किती काळ पडून राहणार आहे? शीड चालते तोवर मोटारीला काम नसते. वारा पडला, परतायला उशीर झाला किंवा आभाळ भरून आले की तिची आठवण होते, आणि त्या वेळी ती पहिल्या झटक्यात चालू व्हावी लागते. महिनोन्‌महिने गप्प बसायचे आणि बोलावल्याबरोबर उठायचे, हेच तिचे काम. पेट्रोल की वीज, हा निर्णय याच कसोटीवर करावा असे माझे ठाम मत आहे.

मी माहूरचा. पैनगंगा आमच्या उशाशी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात डोह तेवढे उरतात आणि पावसाळ्यात ती काठ सोडून धावते. शीड उघडायला मोकळे पाणी हवे असेल तर नदीच्या वरच्या अंगाला इसापूर गाठावे लागते. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे मातीचे धरण. उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. दसऱ्यानंतर भरलेल्या जलाशयावर वारा खेळू लागला की त्या पाण्याचा मोह आवरत नाही. आमची कयाक प्लायवूड आणि फायबरची, लांब आणि अरुंद. एका अंगाला कोकणातल्या होडीसारखी उलांडी आहे, मधे छोटी डोलकाठी आणि एकच शीड.

पहिली मोटार आम्ही पेट्रोलची घेतली. त्यामागचे कारण आमच्या भागातल्या कुणालाही लगेच पटेल. कापूस-सोयाबीनवर फवारणी करायला पाठीवरचा पेट्रोल पंप इकडे किती घरांत असतो! टू-स्ट्रोक इंजिन, प्लग, कार्ब्युरेटर, दोरीचा झटका, पेट्रोलमध्ये मोजून घालायचे ऑइल, हे सगळे हाताखालचे. बिघडले तर गावातला मेकॅनिक तासाभरात उघडून देतो. बाजारात ५२ सीसीच्या मोटारी मिळतात. ब्रश कटरला असते तशाच इंजिनाला लांब दांडा आणि खाली पंखा जोडलेला. वजनाला हलक्या, किमतीला परवडणाऱ्या. दिवाळीच्या सुमारास आमची मोटार छान चालली. नंतर गव्हा-हरभऱ्याचे दिवस आले, मग परीक्षा, मग लग्नसराई. मोटार गोठ्याच्या कोपऱ्यात टांगलेली राहिली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आणि पुतण्या जलाशयाच्या मध्यावर होतो. वारा एकाएकी पडला, शीड लोंबू लागले. उकाडा असा की श्वास जड व्हावा. पश्चिमेला काळे ढग चढत होते. मोटारीची दोरी ओढली. एकदा फुर्र झाले आणि बंद. पुन्हा ओढली, चोक दिला, प्लग काढून पुसला. त्या गडबडीत दोन्ही वल्ही पायाखालीच पडून होती. जवळच जाळे काढणारे एक भोई काका थर्माकोलच्या तराफ्यावरून ओरडले, “सर, ते मशीन राहू द्या आता, वल्हं घ्या! अन् गाडी लावली तिकडं नका जाऊ, समोरच्या काठाला लागा.” शीड उतरवून आम्ही वल्हवत निघालो. नाव काठावर ओढून घेतली तोवर वळवाचा पहिला तडाखा आला. पाण्यावर ज्या लाटा उठल्या त्या पाहून पुतण्याच्या तोंडून शब्द फुटेना.

हा प्रसंग एवढ्यासाठी सांगितला की वळवाच्या वाऱ्यापुढे मोटार चालू असली तरी छोट्या नावेचे काही चालत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. चैत्रानंतर दुपारी पश्चिमेला ढग दिसले की पाण्यावरून उठायचे. लाइफ जॅकेट अंगातच हवे, बसायच्या फळीखाली नव्हे.

घरी आल्यावर कार्ब्युरेटर उघडला तर आत चिकट थर जमलेला आणि जेटचे बारीक भोक बुजलेले. हे आता पूर्वीपेक्षा जास्त जपावे लागते. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. रोज पळणाऱ्या दुचाकीची टाकी आठवड्यात रिकामी होते, म्हणून तिला काही जाणवत नाही. छोट्या मोटारीच्या टाकीत तेच पेट्रोल पावसाळाभर राहिले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, रबरी नळ्या फुगतात, पितळी-अ‍ॅल्युमिनियमचे भाग खराब होतात. म्हणून पेट्रोलची मोटार ठेवणाऱ्याने परतल्यावर टाकी रिकामी करावी, इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि जाताना ताजे पेट्रोल न्यावे. महिन्यातून एकदा बादलीभर पाण्यात पंखा बुडवून ती चालवून पाहावी. एवढे नेमाने होणार नसेल तर पेट्रोलची मोटार घेऊ नये.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कयाकच्या पोटात बंद कप्पे असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि दिसत नाही. इंधनाचा डबा कधीही बंद कप्प्यात ठेवू नये. तापलेल्या सायलेन्सरजवळ नायलॉनचे शीड किंवा दोरी फडफडत गेली तर काय होईल, हेही मोटार कुठे बसवायची ते ठरवतानाच पाहावे.

दुसरी मोटार विजेची. दुकानदाराने इन्व्हर्टरला लावतात तसली शिशाची बॅटरी दिली आणि दिवसभर पुरेल असे सांगितले. बॅटरीवर १०० अँपिअर-अवर लिहिलेले होते, पण तो आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढली तर लागू पडतो. मोटार एकदम ३० अँपिअर ओढू लागली की बॅटरी त्याहून पुष्कळ कमी देते, आणि वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे ३० किलोचे ओझे नावेत घालून हाती आला फार तर दीड तास. शिवाय पडून राहण्याच्या कसोटीवर ही बॅटरी सर्वांत कच्ची निघाली. अर्धवट उतरलेली ठेवली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो, आणि आमच्याकडच्या ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात ती दुप्पट वेगाने म्हातारी होते.

आता लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे. तेवढ्याच क्षमतेची ही बॅटरी ११-१२ किलोत बसते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. निम्मी भरून सावलीत ठेवली तर महिन्याला अगदी थोडी उतरते. ज्या कामासाठी साहाय्यक मोटार घ्यायची त्या कामाला हाच स्वभाव हवा. मात्र तिचा एक धोका विक्रेते सांगत नाहीत. शिशाची बॅटरी दमत जाते, पंख्याचा आवाज मंदावतो, माणसाला इशारा मिळतो. लिथियमचा दाब शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग आतले संरक्षक सर्किट एका क्षणात सगळे बंद करते. व्होल्ट दाखवणाऱ्या काट्यावर विसंबून पाण्यात जाऊ नये. किती अँपिअर-अवर खर्च झाले ते मोजणारे मीटर लावावे. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेले वाऱ्यासाठी राखून, हा हिशोब मी मोडत नाही. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ही बॅटरी ठेवू नका. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करायची नसते. जलाशयावरून आणलेली तापलेली बॅटरी रात्री गार झाल्यावरच चार्जरला लावावी. माहूरला लाइट जाते-येते. पण सवड असते म्हणून ती अडचण मला कधी जाणवली नाही.

वायरकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गावातला वायरमन घरगुती फिटिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तार लावून देतो. बॅटरी पुढे आणि मोटार मागे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तार झाली. ३० अँपिअरला त्या तारेतच सव्वा व्होल्ट जातो, बारातला दहावा हिस्सा, आणि तार तापते ती वेगळीच. दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा. नावेतली आग पाण्याने विझते हा समज खोटा आहे.

ताकदीचा मोह आवरायला एक हिशोब पुरतो. अशा नावेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद सुमारे आठपट लागते. लांबीने घातलेल्या मर्यादेजवळ गेल्यावर तर त्याहून जास्त, कारण नाव आपल्याच लाटेत अडकते. सोळा फुटांच्या नावेची ही मर्यादा ताशी दहा किलोमीटरच्या आसपास असते. म्हणून ३-४ शे वॅटची मोटार अर्ध्या वेगावर चालवली तर घरी पोहोचवते, आणि पाच एचपीची मोटार नुसता फेस काढते. याउलट, लांब पल्ल्याला पेट्रोलची बरोबरी नाही. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोचे. त्यातली बरीचशी शक्ती उष्णतेत वाया जाऊनही पंख्यापाशी जे काम उरते ते मिळवायला लिथियमच्या वीसेक किलो बॅटऱ्या लागतात. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध तासन्‌तास यायचे असेल तर मीही पेट्रोलचीच सुचवीन, पण फोर-स्ट्रोक. होंडाची हवेने थंड होणारी सव्वादोन-अडीच एचपीची मोटार १३-१४ किलोची आहे. तेवढे वजन शेपटाकडे एका बाजूला टांगले की कयाक त्या अंगाला बसते, म्हणून ते उलांडीच्या आडव्या दांड्यावर, शक्य तेवढे मध्याकडे घ्यावे.

जलाशयासाठी माझा कौल विजेचा आहे, आणि त्यामागे पाण्याचाही विचार आहे. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक मोटारी भरलेल्या पेट्रोलचा चौथा हिस्सा न जळताच धुरावाटे पाण्यात सोडतात. इसापूरचे पाणी कालव्याने शेतात जाते आणि टंचाईत माणसे पितात. भोपाळच्या भोज तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ साली डिझेल-पेट्रोलच्या बोटी बंद करायला लावल्या, त्याचेही कारण पिण्याचे पाणी आणि पक्षी होते. केरळात वैकमजवळ २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ प्रवाशांची फेरीबोट सौरविजेवर चालते आहे. बाहेरून अडकवायची मोटार जन्मली तीही विजेचीच: गुस्ताव ट्रूव्हेने १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीत ती चालवली. ओल इव्हिनरूडची पेट्रोलवरची मोटार बाजारात आली १९०९ च्या सुमारास.

इसापूरला मासेमारांची तंगुसाची जाळी पाण्याच्या वरच्याच थरात पसरलेली असतात. पंख्यात तंगूस गुंडाळला की विजेची मोटार अडते, अडली की जास्त वीज ओढते आणि जळते. बटण ताबडतोब बंद करून मोटार वर उचलायची, धागा कापायचा; त्यासाठी चाकू दोरीला बांधलेला असावा आणि पंख्याच्या जादा पिना खिशात. जाळे कापले गेले तर ज्याचे आहे त्याला शोधून भरपाई द्यावी. दिवसभराची त्याची कमाई त्यात असते. पाणी उतरले की जुने बांध आणि खुंट वर येतात. कुठे काय आहे ते या लोकांनाच ठाऊक असते, म्हणून नाव उतरवण्याआधी मच्छीमार संस्थेच्या कुणाशी तरी बोलून घ्या.

धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते, तेव्हा लेखी परवानगी आधी मिळवावी. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नावांना लागू आहे, आणि विजेची मोटारही यांत्रिकच. अर्जात मोटारीचा प्रकार, वजन आणि बॅटरी किंवा टाकीची क्षमता लिहून द्या. आणि पैसे मोजण्यापूर्वी शिडाशिवाय, मोटारीशिवाय, भरल्या वजनानिशी नाव अर्धा तास वाऱ्याविरुद्ध वल्हवून पाहा. ती वल्ह्याने हलत नसेल तर आधी नाव बदला, मोटार नंतर.