शिकागोतलं शिळं पाणी

शिकागोत घर बघताना सगळे ट्रेन किती लांब, शाळा कशी एवढंच विचारतात. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीतून घरात येणारा पाइप कशाचा आहे, हे आम्हीही विचारलं नव्हतं. या शहरात शिशाच्या अशा जोडण्या सुमारे ४ लाख आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. १९८६ साली देशभर बंदी येईपर्यंत छोट्या इमारतींना शिशाचीच जोडणी घ्या, असा इथल्या पालिकेचा नियमच होता! तेव्हा जुना बंगला किंवा टू-फ्लॅट असेल तर संशय धरा. उंच टॉवरला जाड पाइप लागतो, तो सहसा शिशाचा नसतो.

आता आपल्या सवयी. पाणी उकळून घेतलं की काम झालं, हे इथे खरं नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही; पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. बाळंतपणाला आलेल्या आया-सासवा नातवंडाच्या दुधाचं पाणी खळखळा उकळतात. त्यांना चुकलात म्हणू नका. 'आई, आधी फिल्टरमधून घेऊ, मग उकळा' एवढं म्हणा. लहान मुलं आणि गरोदर बायकांना धोका सर्वांत जास्त. कुकर लवकर व्हावा म्हणून गरम नळाचं पाणी डाळ-तांदळात घालू नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

रात्रीची कळशी सकाळी ओतून ताजं पाणी भरायची आजीची रीत मात्र इथे कामाची. पाणी इथे पाइपातच शिळं होतं. सहा तास नळ उघडला नसेल तर पाच मिनिटं थंड धार सोडा. दुष्काळी भागातून आलेल्यांचा जीव तुटतो, म्हणून आधी अंघोळी आणि कपडे उरकावेत. त्याला हे पाणी चालतं. मग स्वयंपाकघरातला नळ थोडा वाहू देऊन पिण्याचं भरावं. नळाच्या तोंडाची जाळीही अधूनमधून काढून धुवावी.

फिल्टर घेताना खोक्यावर 'एनएसएफ ५३' आणि शिसं कमी करतो, असं दोन्ही लिहिलेलं बघा.

तळघरात पाइप भिंतीतून आत येतो तिथे नाण्याने हलकेच खरवडा. चांदीसारखा चमकला आणि चुंबक चिकटला नाही, तर शिसं समजा. ३११ वर फोन केला की पाण्याच्या चाचणीचा संच मोफत मिळतो, पण एकदा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. शिसं रोज सारखं उतरत नाही. पालिकेकडून पाण्याबद्दल आलेल्या पत्रात 'अननोन' असेल तर पाइप कशाचा याची नोंद सापडली नाही एवढाच अर्थ. आमच्यातल्या एका घरी ते पत्र पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात गेलं होतं. भाडेकरूंनी घरमालकाला लेखीच विचारावं. रस्ता खोदायला लागले की हादऱ्याने पाइपच्या आतला थर सुटतो. तेव्हा पिण्या-रांधण्याला फिल्टरखेरीज दुसरं पाणी नको.

भारतातून आई-बाबा येण्याआधी सिंकवर मराठीत चिठ्ठी लावा: 'पिण्याला थंड नळाचं, तेही फिल्टरमधलं.'